बाळाची बादली

१

श्रीनिवासरावांचा आपल्या आठवणीवर आता पूर्वीसारखा भरवसा राहिलेला नाही. सदतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस, पण परवा तुरटीचं सूत्र लिहिताना हात मध्येच थांबला. गल्लीच्या टोकाला वीस वर्षं ज्याच्याकडून कपडे इस्त्री करून घेतले, त्याचं नाव दुपारभर आठवलं नाही. त्यामुळे ‘बादली तेरा दिवस रिकामी होत होती’ असं ते मनाशी म्हणतात, तेव्हा लगेच आतून कुणीतरी विचारतं, तेराच कशावरून? बारा असतील, पंधरा असतील. पुढं जे झालं ते होऊन गेल्यावर आपणच हा आकडा मागं नेऊन बसवला नाही कशावरून?

विचारायला घरात बायको एवढं एकच माणूस आहे. आणि तो विषय निघाला की कालिंदीबाई उठून गॅसपाशी जाऊन उभ्या राहतात. गॅस पेटवलेला नसतो.

वर्ष मात्र नक्की आहे. दोन हजार सोळाचा उन्हाळा. लागोपाठचे पावसाळे कोरडे गेले होते. जायकवाडी धरणाचा साठा कुठवर खाली गेला ते रोज पेपरात यायचं, आणि त्याच पेपरात शेंद्र्याकडच्या नव्या फ्लॅटांच्या पानभर जाहिराती असायच्या, पोहण्याच्या तलावासकट. सिडकोतल्या त्यांच्या बैठ्या घराच्या शेजारचा बंगला पाडून तिथं सहा मजली इमारत उठणार होती. त्याआधी बोअर पाडायचं काम चाललं होतं. सकाळी नवाला मशीन सुरू व्हायचं. सहाशे फूट गेले, तरी खालून नुसती पांढरी भुकटी वर येत होती, आणि ती श्रीनिवासरावांच्या जास्वंदीवर, खिडक्यांच्या गजांवर, जेवणाच्या टेबलावर बसत होती.

याच घरात मनस्विनी बाळंतपणाला आली होती. एकुलती एक मुलगी, छत्तीस वर्षांची. आधीची दोन गेलेली. एक तिसऱ्या महिन्यात, एक सहाव्यात. दुसऱ्या वेळी ती तीन महिने कुणाशी बोलली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही शेवटची खेप समजा. हे तिसरं आठव्या महिन्यात सुखरूप पोचलं होतं. जावई मंदार पुण्याहून रोज फोन करायचा आणि पहिला प्रश्न एकच असायचा, “हलतंय ना?”

घरातली सगळी माणसं त्या एका हालचालीवर जगत होती.

२

नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं, तेही पाऊण तास. अंगणातल्या हौदात श्रीनिवासराव बांबूची काठी बुडवून पाणी मोजायचे. माणशी दोन बादल्या, त्यातच आंघोळ, धुणं, सगळं. कालिंदीबाई कुरकुरायच्या, पण पाळायच्या.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या न्हाणीत आणखी एक बादली आणून ठेवली. मनस्विनीच्या खोलीला रंग दिला, तेव्हाची रंगाची रिकामी बादली. पांढरी, घट्ट झाकणाची, वीस लिटरची. घासून घासून तिचा वास घालवला होता. बाहेरून एक चिठ्ठी चिकटवली होती आणि तिच्यावर मार्करनं लिहिलं होतं, ‘बाळ’.

“हे काय?” कालिंदीबाई दारातच थांबल्या.

“बाळाचा वाटा. रोज एक बादली.”

“बाळ आहे कुठं अजून?”

“म्हणूनच. मे महिन्यात एकाएकी वीस लिटर कुठून काढणार आपण? आत्तापासून घराला सवय लागली पाहिजे. सकाळी भरायची, पाचला ते पाणी कढीपत्त्याला घालायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजं.”

“अहो, आपल्यात पोटातल्या पोराच्या नावानं साधं अंगडं शिवत नाहीत. मी पाळणा अजून माळ्यावरून उतरवला नाही. आणि तुम्ही वाटा काढून ठेवताय?”

“पाणी म्हणजे अंगडं नव्हे.”

“वाटा तो वाटाच. मी हात लावायची नाही त्याला, सांगून ठेवते.”

मनस्विनी भिंतीला हात टेकत मागं येऊन उभी राहिली होती. ती हसली. त्या दोन वर्षांत ती अशी हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं. “असू दे गं आई. जन्मभर बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या, आता नातवंडाला लावतायत. बाबा, तारीख पण टाका ना. कधीपर्यंत चालेल ती.”

“पाण्याला तसली तारीख नसते,” श्रीनिवासराव म्हणाले.

३

त्या दिवशी पाच वाजता त्यांनी कडी धरून बादली उचलली आणि तोल जाऊन ते मागं भिंतीवर आदळले. वीस किलोच्या तयारीनं लावलेला जोर फुकट गेला होता. बादली रिकामी होती. झाकण घट्ट होतं.

“तू घेतलंस पाणी?”

“मी सांगितलंय तुम्हाला,” कालिंदीबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या. “हात लावायची नाही.”

मनस्विनी दुपारभर झोपलेली होती. श्रीनिवासरावांनी बादली पालथी घालून पाहिली. तडा नव्हता. पुन्हा भरून तासभर अंगणात ठेवली, थेंब हलला नाही. बेचाळीस अंश उन्हात झाकणाखालून किती पाणी उडून जाईल, याचं गणित त्यांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर मांडलं. उत्तर आलं, चमचाभर. न्हाणीची शहाबादी फरशी मात्र काळी पडली होती. शहाबादी ओली झाली की काळी दिसते, वाळली की पांढुरकी. मोरीपासून पार उंबऱ्यापर्यंत ती काळी होती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

“बाबा, तुम्ही उगीच आईवर संशय घेताय,” जेवताना मनस्विनी म्हणाली. “ज्याची आहे त्यानंच वापरली असेल.”

“मने!” कालिंदीबाईंनी आमटीची पळी पातेल्यावर आपटली. “जिभेला हाड आहे का तुझ्या?”

“अगं, गंमत केली.”

“असली गंमत नको.”

शेजारचं मशीन तेवढं घरघरत राहिलं. जरा वेळानं मनस्विनीनं पोटावर हात ठेवला आणि ती म्हणाली, “आत्ता हललं.” तेव्हा कुठं तिघांच्या ताटातले हात पुन्हा चालू झाले.

४

श्रीनिवासरावांना खरी भीती वेगळीच वाटत होती. हे आपणच करत नसू ना? त्यांचे वडील शेवटी शेवटी दिवसातून चारदा संध्या करायचे आणि एकदाही केल्याचं त्यांना आठवायचं नाही. आपणही दुपारी उठून बादली ओतत असू, आणि पाचला येऊन चोर शोधत असू.

मग त्यांनी त्यांना येत होतं ते केलं. प्रयोग. झाकणावरून कडीपर्यंत शिवणाचा काळा दोरा बांधला, गाठीवर मेणबत्तीचं मेण टाकलं, मेणावर आपल्या अंगठीचा ठसा उमटवला. ती अंगठी कालिंदीबाईंना दिली आणि म्हणाले, “पाचपर्यंत मला देऊ नकोस. मागितली तरी.”

“बरं वाटतंय ना तुम्हाला?” त्यांनी विचारलं, पण अंगठी पदराच्या गाठीत बांधली.

पाचला दोरा जसाच्या तसा होता. मेण तुटलेलं नव्हतं. बादली हलकी होती.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर कालिंदीबाई दुधाच्या खाड्याची फुली मारायच्या. त्याच चौकोनांच्या कोपऱ्यात श्रीनिवासरावांनी बारीक गोल काढायला सुरुवात केली. रिकाम्या बादलीचा एक गोल. मागचे दिवसही आठवून भरले. महिना संपल्यावर ते पान कुणीतरी फाडलं, आणि नंतर कितीतरी वर्षं शोधूनही त्यांना ते सापडलं नाही. ते सापडतं तर बारा की तेरा हा वादच उरला नसता.

बादली भरणं सरळ बंद का केलं नाही? हा प्रश्न त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. उत्तर फार शोभणारं नाही. त्या दिवसांत मनस्विनीची तब्येत कधी नव्हे इतकी चांगली होती. पायांची सूज उतरली होती. तपासणीत बाळाचं वजन नीट वाढत होतं. बादली रोज रिकामी होत होती आणि बाळ रोज हलत होतं. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे असं त्यांनी कधीही कबूल केलं नसतं. पण त्यातली एक बंद करून पाहायची छाती त्यांना होईना.

५

तेराव्या दिवशी, म्हणजे त्यांच्या हिशोबानं तेराव्या, ते दुपारी न्हाणीकडं जाणाऱ्या बोळात खुर्ची टाकून बसले. मायलेकी पुढच्या खोलीत पंख्याखाली झोपल्या होत्या. दोघींच्या श्वासांचा आवाज इथवर येत होता. न्हाणीचं दार लोटलेलं होतं.

तीनच्या सुमाराला शेजारचं मशीन थांबलं. कामगारांची चहाची वेळ. इतके दिवस कानात भरून राहिलेली घरघर एकदम गेली, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत त्यांना ऐकू आलं.

पाण्यात लोटा बुडाल्याचा आवाज. मग धार, वरून नव्हे, अगदी जवळून, हलक्या हातानं सोडलेली. पुन्हा लोटा. मग ओल्या अंगावर तळव्याची थपथप. एक बाई गुणगुणत होती, त्याला शब्द नव्हते, नुसता हेल होता. सगळा आवाज घरगुती होता. प्रत्येक घरात कधी ना कधी ऐकू येतो तसा. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. बाळ रडत नव्हतं. न्हाऊ घालताना बाळ रडतंच. श्रीनिवासराव त्या न रडण्याकडं कान लावून उभे होते, आणि आपण खुर्चीवरून केव्हा उठलो हे त्यांना कळलं नव्हतं.

वास आला. निखाऱ्यावर टाकलेल्या ओव्याचा. घरात शेगडी नव्हती. कोळसा तर पंधरा वर्षांत आला नव्हता.

त्यांनी दार ढकललं.

आत कुणी नव्हतं. फरशी काळीभोर ओली होती, आणि त्या काळ्यात दोन लांब पांढुरक्या जागा होत्या. शेजारी शेजारी, पाटापासून मोरीकडं गेलेल्या. कुणी पाय पसरून बसावं आणि आत्ता, या क्षणी उठावं, अशा. डाव्या पायाची टाच सरळ होती. उजव्या पायाचं पाऊल पार बाहेर वळलेलं होतं, घड्याळाच्या काट्यासारखं. चारी बाजूंनी पाणी त्या कोरड्या जागांकडं सरकत होतं. ते बघत असताना आधी पावलं बुजली, मग पोटऱ्या. मग सगळी फरशी एकसारखी काळी झाली.

त्यानंतरची आठवण एवढीच. बादली भरलेली आहे. दोरा शाबूत, मेण शाबूत, झाकण उघडलं तर पाणी काठोकाठ, हललेलंसुद्धा नाही. तो चौदावा दिवस. बादली आपोआप थांबली होती. श्रीनिवासरावांना आठवतं की त्यांना हायसं वाटलं, ते गुडघ्यावर बसले. त्या आठवणीत उजेड जरा कमी आहे, आणि जोंधळ्याचा, वाळल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आहे. न्हाणीत तो वास कुठून आला, हे त्यांना कितीतरी वर्षं उलगडलं नाही.

६

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. अडीच किलो, डोक्यावर दाट जावळ. मंदार दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडला. कालिंदीबाईंनी पाळणा माळ्यावरून उतरवला. श्रीनिवासरावांनी आयुष्यात पहिल्यांदा गल्लीत पेढे वाटले, आणि बादलीचं सगळं प्रकरण उन्हानं तापलेल्या म्हाताऱ्या डोक्याचं म्हणून मनावेगळं केलं. बारसं मात्र लांबणीवर टाकलं. दोन्हीकडची माणसं जमवायची तर पाणी हवं. पाऊस पडला की करू, असं ठरलं. तोवर ती नुसती ‘बाळ’ होती.

न्हाऊ घालायला गोजरबाई येऊ लागली. मूळची करमाडकडची, विहीर आटल्यावर बिऱ्हाड घेऊन मुकुंदवाडीला आलेली. हातात निखाऱ्यांची छोटी शेगडी सांभाळत ती लंगडत आत आली, तेव्हा श्रीनिवासराव पेपर वाचत होते.

“पायाला काय झालं गं?” कालिंदीबाईंनी विचारलं.

“लई जुनं हाय काकू. रोजगार हमीच्या कामावं धोंडा पडला. तवापास्नं पाऊल असं भाईरच बघतंय. मालक म्हनायचा, तुला चुकवून जाता येत नाय, एक पाय कायम आडवा.” ती स्वतःच खदखदून हसली. “पानी कुठलं घेऊ?”

“ती पांढरी बादली. तिच्यावर लिहिलंच आहे.”

श्रीनिवासराव म्हणाले, “ती नको.”

“आता का?” कालिंदीबाई म्हणाल्या. “तेव्हा नव्हतं बाळ. आता आहे. तुम्ही लिहिलंत ते खरं झालं.”

आतून लोट्याचा आवाज आला. धार. थपथप. शब्द नसलेला हेल. मनस्विनी दारात उभी राहून बघत होती. “आई, बघ ना, रडत कशी नाही ही?”

“लई गुनाची हाय,” आतून गोजरबाई म्हणाली. “शंभर पोरं न्हाऊ घातली म्या. अशी नाय बघितली. पानी अंगावं पडलं की गप. जशी काय सवयच हाय तिला.”

बाळाला गुंडाळून त्या तिघी पुढं गेल्या. श्रीनिवासराव बोळातून चालत न्हाणीपर्यंत गेले. जायचं नाही असं ठरवूनच गेले. फरशीवर दोन पांढुरक्या जागा होत्या. उजव्या पायाचं पाऊल बाहेर वळलेलं होतं. पाणी त्यांच्याकडं सरकत होतं.

बाहेर ओव्याची धुरी चालली होती आणि कालिंदीबाई कुणालातरी फोनवर सांगत होत्या, “अगदी आपल्या मनूवर गेलीय.”

७

त्या दिवसापासून ते आंघोळी मोजू लागले. एक. दोन. पाच. बाळ दूध नीट पीत होतं, वजन वाढत होतं, आठव्या दिवशी ती झोपेत हसली. नऊ. दहा. आपण मूर्ख आहोत, असं ते रोज सकाळी स्वतःला सांगायचे आणि रोज दुपारी आकडा एकानं वाढवायचे. एकदा त्यांनी कालिंदीबाईंना सांगायचा प्रयत्न केला.

“एप्रिलमध्ये ती बादली रिकामी व्हायची ना...”

“ओल्या बाळंतिणीच्या घरात हा विषय नको. तुम्हाला माझी शपथ आहे.”

बाराव्या आंघोळीच्या संध्याकाळी ते पाणी तपासायचं पेनाएवढं यंत्र घेऊन हौदापाशी बसले. क्षारांचा आकडा आला नऊशे. जरा जड पाणी, पण अख्खं शहर तेच वापरत होतं. ते घरात गेले आणि म्हणाले, “एकवीसशे आहे. हे पाणी बाळाच्या अंगाला लावायचं नाही.”

इतक्या वर्षांत त्यांनी कधी विद्यार्थ्यालाही आकडा फिरवू दिला नव्हता. घरातल्या कुणाला शंका आली नाही. शंका घ्यावी असा त्यांचा लौकिकच नव्हता.

“मग आंघोळ?” मनस्विनी घाबरली.

“पाऊस पडेपर्यंत नाही. कापसानं पुसा. खोबरेल लावा.”

गोजरबाईला येऊ नको म्हणून सांगितलं. तेरावा दिवस आंघोळीशिवाय गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे श्रीनिवासराव पाळण्यापाशी गेले. बाळ श्वास घेत होतं. ते तिथंच उभं राहून रडले, आवाज न करता. बारा झाल्या होत्या, आणि तेरावी होणार नव्हती. इतकं सोपं होतं सगळं.

पण उन्हाळा त्रेचाळीसवर गेला. बाळाच्या मानेखाली, काखेत, जांघेत घामोळ्या उठल्या, मग त्या लाल झाल्या. तिला वास येऊ लागला, आंबूस, तेलकट. ती रात्रंदिवस किरकिरायची. सहाव्या दिवशी गोजरबाई न बोलावता आली आणि दारातूनच ओरडली, “काकू, कातडी सोललीय लेकराची! सर लई शिकल्यालं हायेत, म्या अडानी. पर बिनपान्याचं लेकरू कुनी ठेवतं का?”

“बाबा, डॉक्टरांना तरी विचारू,” मनस्विनी म्हणाली.

“मी सांगतोय ना!” त्यांचा आवाज चिरकला. मनस्विनी त्यांच्याकडं बघत राहिली. त्यांनी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

८

आठव्या दिवशी दुपारी पलीकडच्या मैदानात टँकर आला. श्रीनिवासराव दोन कॅन घेऊन रांगेत उभे राहिले. टँकरवाला शौकत ओळखीचा होता. त्याचा जारचाही धंदा होता. नळी हातात घेऊन त्यानं लांबूनच सलाम केला.

“सर, जार का पानी अच्छा निकला ना?”

“कसला जार?”

“भाभी ने दो जार मंगाए ना, बच्ची को नहलाने के वास्ते. बोले, सर ने चेक करा, नल का पानी खराब है करके. मैं घंटाभर पैले छोड़को आया. एकदम फिल्टर का है, फिकर नको करो.”

कॅन तिथंच पडले. “सर, नंबर जाईंगा तुमचा!” असं मागून कुणीतरी ओरडलं. ते चार गल्ल्या एकाहत्तर वर्षांच्या पायांनी धावले. फाटकाशीच ओव्याचा वास आला.

बाळ मनस्विनीच्या मांडीवर झोपलं होतं. पुसलेलं, पावडर लावलेलं, कपाळावर काळी तीट. आठ दिवसांत पहिल्यांदा शांत. मनस्विनीच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, बादली पाहिली त्या दिवशीचं.

“बाबा, बघा ना कशी झोपलीय.”

“तुमचं पाणी नाही वापरलं,” कालिंदीबाई पटकन म्हणाल्या. “विकतचं आणलं. आता काही बोलू नका.”

ते सरळ न्हाणीत गेले. चिठ्ठीवरचं ‘बाळ’ ओलं होऊन जरा फुटलं होतं. फरशीवरच्या पांढुरक्या जागा बुजत आल्या होत्या. त्यांनी कडी धरून बादली उचलली. या वेळी त्यांचा तोल गेला नाही. ती हलकी असणार, हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी बाळाचं अंग तापलं. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यातून तिला परत घेऊन आले. स्मशानात मंदार आणि श्रीनिवासराव, दोघंच गेले. माती इतकी कोरडी होती की खणणाऱ्याला दोनदा थांबावं लागलं.

पंधरा दिवसांनी पाऊस पडला. त्या संध्याकाळी कालिंदीबाईंनी एकदाच विचारलं, “जारच्या पाण्यात काही होतं का हो? माझ्यामुळं झालं का?” नळाचं पाणी चांगलं होतं, आकडा मी खोटा सांगितला, असं म्हणायची तीच वेळ होती. श्रीनिवासरावांनी तोंड उघडलं. मग बाहेर पागोळ्या किती जोरात पडताहेत, याबद्दल काहीतरी म्हणाले. कालिंदीबाई उठून गॅसपाशी गेल्या.

मनस्विनी पुण्याला गेली ती पुन्हा त्या घरात राहायला आली नाही.

९

सात वर्षांनी त्यांचंही घर बिल्डरला गेलं. दुकानांच्या पाट्यांवर शहराचं नवं नाव आलं होतं. शेजारी आता सहा मजले होते आणि त्यांच्या अंगणात दुपारी दोननंतर ऊन येत नव्हतं. सामान हलवायच्या दिवशी कालिंदीबाई पुढं टेम्पोत भांडी चढवून घेत होत्या. श्रीनिवासराव कोठीची खोली आवरत होते.

जोंधळ्याचे डबे त्यांनी एकेक करून खाली उतरवले. डब्यांत कडुलिंबाचा पाला घालायची कालिंदीबाईंची जुनी सवय. तो वास नाकात गेला आणि ते थबकले. इथंच. उजेडही एवढाच होता.

डब्यांखाली फळीवर कागद अंथरलेला होता. जुनं कॅलेंडर. कालिंदीबाई जुनी पानं कधी फेकत नसत, फळ्यांवर घालत. त्यांनी ते सोडवून दाराशी आणलं. एप्रिल, दोन हजार सोळा. दुधाच्या खाड्याच्या फुल्या होत्या. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून चौकोनांच्या कोपऱ्यात बारीक गोल होते. त्यांनी बोट ठेवून मोजले. चष्मा पुसून पुन्हा मोजले. तेरा. आठवण खरी होती.

चौदाव्या चौकोनात गोल नव्हता. तिथं, आणि जागा पुरली नाही म्हणून बाजूच्या समासात, बारीक सरळ अक्षरात मजकूर होता. अक्षर त्यांचंच होतं, प्रयोगाच्या वहीत काढायचे तसं.

‘बादली भरून कोठीत ठेवली. कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.

तीन वाजता न्हाणीत लोटा कोरड्या फरशीवर घासल्याचा आवाज.

मग बाळाचं रडणं. सव्वातीनपर्यंत. उठलो नाही.’